हिरव्या टिकल्या

हिरवी टिकली नकाशाच्या बाहेर होती. कागदाच्या पांढऱ्या कडेवर, जिथे काहीच काढलेलं नव्हतं — ना हॉल, ना झाडं, ना बाकडी — तिथे अर्धवट चिकटलेली. विपादाने ती नखाने दाबली आणि मग तिला वाटलं, कुणाची असेल ही? ज्याला बाजारासाठी जी जागा हवी तिथे त्याने आपली टिकली चिकटवायची, असं ठरलं होतं. बाकीच्या सगळ्या नव्या बाजाराच्या बंदिस्त हॉलवर एकीवर एक चढल्या होत्या, कारण सनान काकांनी सगळ्यांत आधी आपली तिथे लावली होती, आणि एवढ्या वडीलधाऱ्या माणसाला सोडून दुसरीकडे लावायची छाती कुणाची… हे कालच्या सभेत तिला दिसत होतं. दिसत होतं आणि ती टाळ्या वाजवत होती.

आज संध्याकाळी नकाशा शहराच्या समितीपुढे जायचा होता. मंजुरी मिळाली की लॉस एंजेलिसच्या या थाई वस्तीतल्या खाण्याच्या सगळ्या हातगाड्या हॉलमध्ये, आणि पदपथावर पुन्हा कुणी बसायचं नाही, ही समितीची अट. आपल्या माणसांना पोलिसांनी हुसकू नये म्हणून तर ती इतकी वर्षं भांडत आली होती. नगररचना शिकताना इथल्या प्राध्यापकांनी बजावलं होतं, लोकांना विचारा. मी विचारलं. ते हो म्हणाले. समोरच्याचं मन मोडू नये म्हणून आमची माणसं हो म्हणतात, हे प्राध्यापकांना ठाऊक नव्हतं — पण मला होतं की!

ती खाली उतरली आणि चलाव मावशींच्या गाडीपाशी जाऊन उभी राहिली. मावशी तव्याच्या खळग्यांत नारळाच्या दुधाचं पीठ ओतत होत्या.

"ये पोरी. आज तुझा मोठा दिवस ना? काय झकास नकाशा केलायस!"

"मावशी, तुम्हाला हॉल आवडला?"

"सगळ्यांना आवडला."

"तुम्हाला?"

"अगं, एवढं केलंस आमच्यासाठी! खा आधी."

पुढे आलेल्या द्रोणात गरम खनोम क्रोक, वर कांद्याची पात. नाही न म्हणणाऱ्या माणसाला विचारायचं तरी कसं, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं… आणि मी? मी कधी कुणाला नाही म्हटलंय? हात सवयीने पुढे गेला होता. तो तिथेच थांबला.

"नको, मावशी."

"पोट बिघडलंय का गं?"

"नाही. मला हे आवडत नाही. कधीच आवडलं नाही… घशाशी येतं."

कान तापले. मावशींची पळी हवेतच राहिली. मग त्या अशा हसल्या की शेजारच्या गाडीवालीने मान वळवून पाहिलं.

"आणि इतकी वर्षं माझे द्रोणच्या द्रोण गिळलेस? लबाड कुठली!" त्यांनी डोळे पुसले, खनोम क्रोक काढत राहिल्या, आणि तव्याकडेच बघत म्हणाल्या, "त्या हॉलमधून रस्ता दिसत नाही गं. येणारी-जाणारी माणसं दिसली नाहीत तर मी दिवसभर बघू कशाकडे? मला नको तो हॉल." आणि लगेच, "पण तू मनाला लावून घेऊ नकोस. करून टाक मंजूर. मला काहीही चालेल."

नकाशा मागे घेतला तर हॉलची हक्काची जागा जाईल, आणि नाही घेतला तर हा पदपथ जाईल. पण त्या भीतीखालून काहीतरी भलतंच डोकं वर काढत होतं, सनान काकांना तरी हॉल हवा होता का? की पुढची खुर्ची दिली म्हणून बिचारे आधी उठले? आणि याआधी, इतक्या वर्षांत, ज्यांनी ज्यांनी हो म्हटलं ते सगळे…

तेव्हा थायलंडमध्ये, नखोन सवानच्या घराच्या अंगणात आई मासे साफ करत बसली होती. "अमेरिकेला जाऊ ना गं?" विपादाने विचारलं होतं, आणि आई मान वर न करता म्हणाली होती, "जा की. मला काय धाड भरलीय?" आईने कधी अडवलं नाही, हे तिने किती सत्कारांत सांगितलं, लोकांच्या डोळ्यांत पाणी आणलं. आई गेली त्यालाही आता वर्षं झाली.

तिने तेव्हा एकदाच विचारलं होतं. उत्तर हवं तसं मिळालं म्हणून पळत आत जाऊन बॅग भरायला घेतली होती.

"अशी काय उभी राहिलीस?" मावशी म्हणाल्या. "उशीर होईल ना."

"होऊ दे," विपादा म्हणाली. आईने हो म्हटलं होतं, हे तिला इतकी वर्षं पक्कं ठाऊक होतं. आता ठाऊक नव्हतं.