मीच पडदा, मीच नट

मी स्वयंपाकघराच्या दारावरचा पडदा बोलतोय. रंग मूळचा पांढरा. आताचा विचारून मला लाजवू नका. या घरात हात धुतल्यावर टॉवेल शोधायची कुणाला सवय नाही. मी आहेच.

आठ वर्षं सगळ्यांचे हात पुसल्यावर अचानक माझं नशीब उघडलं. घरातली थोरली सिनेमा शिकते. तिने एक प्रायोगिक लघुपट काढायला घेतला. त्यात एकच माणूस सतत रूप बदलतो आणि 'मी कोण?' असं विचारत फिरतो. ऐनवेळी नटाची दाढ सुजली, गाल टम्म फुगला. थोरलीने घरभर नजर फिरवली आणि मला दांडीवरून उतरवलं.

कॅमेरा मामांकडे होता. मामा लग्नांचे फोटो काढतात. सवयीने मलाही म्हणाले, "मान जराशी खाली. हं, आता हसा!" जमेल तेवढा हसलो. पंख्यापुढे मी समुद्र झालो, बाबांच्या अंगावर भूत झालो, आरामखुर्चीत आजोबा झालो. खरं सांगतो, फार मजा आली.

मग थोरली कात्री घेऊन आली. "शेवटी याला कापायचं. जुनी ओळख संपली!"

माझी घाबरगुंडी उडाली.

"आधी नवा आण," आई आतून म्हणाली, "मग याची ओळख खुशाल संपव."

कात्री माझ्या कडेला टेकली होती, तिथेच चित्रीकरण थांबलं. थोरली रडकुंडीला आली. सिनेमाला शेवटच नाही, आणि रविवारी शेजाऱ्यांना तो दाखवायचं कबूल केलेलं!

रविवारी तिने खालच्या सभागृहातून मामांना फोन केला, "येताना पडदा आणा." तिला सिनेमाचा म्हणायचा होता. मामा थेट घरी आले, मला काढलं, घडी घातली आणि सभागृहात नेऊन टांगलं. दुसरा आणायला वेळ नव्हता.

माझ्यावरच माझा सिनेमा सुरू झाला. समुद्र, भूत, आजोबा, कात्री... आणि संपला. दिवे लागले. समोर मी, धडधाकट, चहाच्या डागासकट.

सगळे शेवटाची वाट बघत बसले. मग खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका ओरडले, "अरे, हा तर तोच! एवढं सगळं होऊन शेवटी पडदा तो पडदाच!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. थोरलीचं तोंड उघडंच राहिलं होतं; ते मिटून तिने ऐटीत नमस्कार केला.

सिनेमा सगळ्यांनी पाहिला, मी सोडून. माझं चित्र माझ्याच पोटावर, मला दिसणार कसं? याचं मात्र वाईट वाटतं.

आता मी पुन्हा दारावर आहे. काल आई ओल्या हातांनी आली, हात पुढे केला आणि थबकली. "नको, कलाकार आहे," असं पुटपुटत तिने हात स्वतःच्या गाऊनला पुसले. मला भरून आलं.

तेवढ्यात मागून बाबा आले आणि त्यांनी दोन्ही हात खसाखसा पुसले. त्यांचं जाऊ द्या. तुम्ही तरी टॉवेल घ्या हो!