आकडी

सौदीतल्या खमीस मुशैतच्या फौजी सामानाच्या दुकानात मी बावीस वर्षं काढली. पट्टे, बूट, बिल्ले, पिस्तुलाची होल्स्टरं. गिऱ्हाईक आत आलं की त्याला काय हवंय ते मला कळतं आणि त्याला काय द्यायला हवं तेही कळतं. ही दोन सहसा जुळत नाहीत, आणि माझं डोकं तिथेच फिरतं. कफील, म्हणजे माझा सौदी मालक, म्हणतो, "हारून, माल विक, अक्कल विकू नकोस."

मंगळवारी दुपारच्या, असरच्या नमाजानंतर मुशब्बब नावाचा तरुण शिपाई आला. कडक इस्त्रीचा गणवेश, कमरेला सरकारी पिस्तूल. फौजेचं कार्ड दाखवून म्हणाला, "उघड्या तोंडाचं होल्स्टर दे. हात लावला की बाहेर, असं. उद्यापासून इस्पितळात ड्यूटी आहे, कैद्यांच्या वॉर्डात."

त्याच वॉर्डात माझी मुलगी शबनम नर्स आहे. ती नेहमी सांगते, "अब्बा, गार्ड खाटेला खेटून उभे राहतात. पिस्तूल बरोबर कैद्याच्या हाताशी येतं, आणि मी असते दोघांच्या मध्ये."

"हात लावला की बाहेर, पण कुणाचा हात?" मी विचारलं.

तो हसला. "हाजी, तू कधीपासून फौजेत?"

फौजेत नाही, पण कोकणात आमच्या वाडीत नारळ पाडायला केरू यायचा. कमरेला मागे लाकडाची आकडी, तिच्यात कोयता. एकदा नव्या आकडीचं तोंड त्याने जरा जास्तच मोकळं ठेवलं, वर कोयता चटकन निघावा म्हणून. माडावरून कोयता आपोआप निघाला आणि खाली माझ्या खांद्यात रुतला. वण अजून आहे. केरू महिनाभर रोज येऊन उंबऱ्यावर बसायचा आणि एकच बोलायचा, "हत्यार धन्याच्या हातास निघूचा. दुसऱ्या कोनाच्या नाय." हे अरबीत कसं सांगणार? माझी अरबी म्हणजे भाव करण्यापुरती. दाखवणं सोपं.

"उघडं होल्स्टर चढव," मी म्हटलं. "त्यात हे रबरी पिस्तूल घाल. तुझं आहे तिथेच राहू दे. मी आतून दुसरं होल्स्टर आणतो."

कुलपाचं होल्स्टर माळ्यावर होतं. अंगठ्याने आधी वरची झडप मागे सारायची, मग आतली कळ दाबायची, तेव्हा कुठे पिस्तूल सुटतं. दिसायला ओबडधोबड, म्हणून कुणी घेत नाही. घेऊन आलो तर तो आरशासमोर छाती काढून उभा होता. कमरेला उघडं होल्स्टर, त्यातून काळी मूठ डोकावत होती.

"वर बघ," मी म्हटलं, "तो नवा माल." त्याने मान वर केली आणि मी मूठ ओढली. एका बोटाचं काम.

हाताला वजन लागलं. रबर इतकं जड नसतं.

रबरी पिस्तूल पट्ट्यांच्या ढिगाखाली तसंच पडलं होतं. पठ्ठ्याने स्वतःचंच पिस्तूल घालून पाहिलं होतं. आता सरकारी पिस्तूल माझ्या हातात, मी परदेशी माणूस, आणि डोक्यावर कॅमेरा. बावीस वर्षांचा इकामा, इथे राहायचा परवाना, डोळ्यांसमोरून गेला. त्याचा हात रिकाम्या होल्स्टरवर दोनदा आपटला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"खाली ठेव," तो कुजबुजला. "हळू."

नळी भिंतीकडे करून मी ते काउंटरवर ठेवलं आणि दोन्ही हात वर केले. त्याने ते झडप घालून उचललं. माझ्यावर रोखलं नाही, पण खालीही केलं नाही.

तेवढ्यात दुकानातला फोन वाजला. कफीलच. कॅमेऱ्याचं चित्र त्याच्या मोबाइलवर दिसतं. मी उचलेना. मुशब्बबने उचलला. पलीकडचा आरडाओरडा मलाही ऐकू येत होता.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "मीच सांगितलं होतं त्याला, ओढून दाखव म्हणून. खलास." आणि फोन ठेवला.

खोटं बोलला. ते माझ्यासाठी की स्वतःच्या नोकरीसाठी, मला काय करायचंय! मी स्टुलावर बसलो.

त्याने न बोलता कुलपाचं होल्स्टर चढवलं, पिस्तूल आत सारलं, कळ वाजली. "आता ओढ," तो म्हणाला.

"नको रे बाबा."

"ओढ. यल्ला, चल."

मी ओढलं. दोन्ही हातांनी, दात खाऊन ओढलं. तोच पुढे खेचला गेला, पिस्तूल हललं नाही.

दारात तो थांबला. "हाजी, तुला काय पडली होती एवढी?"

"तुझ्या वॉर्डात एक नर्स आहे, शबनम. तुझ्या उजव्या बाजूला, पिस्तुलाच्या बाजूला, खाटेशी वाकलेली असेल. माझी मुलगी आहे."

तो मान हलवून गेला.

दुसऱ्या दिवशी शबनम ड्यूटीवरून आली, चहाचा कप घेऊन माझ्याशेजारी बसली. "अब्बा, नवीन गार्ड आलाय. विचित्रच आहे. अख्खी ड्यूटी उजवी बाजू भिंतीला लावून उभा होता, खाटेपासून चार पावलं लांब. खुर्ची दिली तरी बसला नाही. अवघडला असेल बिचारा."

"अवघडू दे," मी म्हटलं, आणि माझा हात आपसूक खांद्याच्या वणावर गेला.