सगळी मेंढरं विका

इराकातल्या बसऱ्याच्या बंदरात मी सात वर्षं काढली आणि सातही वर्षं स्वतःला श्रीमंत समजत होतो. का समजू नये? निजायला लोखंडी खाट, डोक्यावर विजेचा दिवा, सुट्टीच्या दिवशी मटण आणि पायात बूट. आमच्या टेंभुर्णी गावातल्या कुठल्या धनगराच्या पोराच्या पायात बूट होते?

तिकडे माझा बाप सांडू मात्र साठी उलटली तरी लोकांच्या रानात उघड्यावर निजत होता. आमची शंभरावर मेंढरं. रात्री ज्याच्या शेतात ती बसवायची, त्याच्या मातीला खत मिळायचं आणि आम्हाला ज्वारी. मेंढरांभोवती जाळं लावून बाप तिथेच घोंगडी पांघरून पडायचा. बंदरावर थंडी पडली की मला तो आठवायचा आणि लाज वाटायची. आता खरं सांगतो, लाज त्याची वाटायची.

एक दिवस बंदरावरच्या एका मराठी कारकुनाकडून पत्र लिहून घेतलं. 'सगळी मेंढरं विका आणि घरी बसा. मी पुढच्या दिवाळीला येतो.' कारकून म्हणाला, "आणखी काही?" मी म्हटलं, बापाला एवढं पुरे. पत्र ऐकून म्हातारा खूश होईल, अशी माझी खात्रीच होती.

दिवाळीला जालन्याच्या स्टेशनावर उतरलो आणि बैलगाडीत ट्रंक टाकून गावी पोचलो. वाटलं होतं, वस्तीवरच्या बायका ट्रंक बघतील. त्या माझं तोंड बघत होत्या आणि हळूच चुकचुकत होत्या. माय, बायनाबाई, गळ्यात पडून रडली. मग घरात जाऊन तिने उतरंडीतलं एक गाठोडं काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"घे बाबा. यातला एक पैसा मोडला न्हाई आमी."

"कशाचे पैसे?"

"मेंढरांचे. तूच लिव्हलं व्हतं ना, सगळी इका म्हणून."

"माय, ते तुमाला बसून खायाला लिव्हलं व्हतं!"

"सगळी मेंढरं कोन इकतं रे? आमी म्हणलं, पोर तिकडं भिकंला लागलं आन् सांगायला लाजून राह्यलं."

आमच्यात लग्नाला दहा विकतात, दुखण्याखुपण्याला पाच विकतात, पण कितीही ओढाताण झाली तरी चार मेंढ्या मागे ठेवतात. सगळा कळप विकतो तो पार बुडालेला माणूस. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. बसऱ्याला बूट घालून हिंडता हिंडता मी ते साफ विसरलो होतो.

"बा कुठंय?"

"वस्तीवरच्या मच्छिंद्रानं घेतली ना आपली मेंढरं. त्याच्याकडंच वळायला हाय, पोटापुरत्या ज्वारीवर."

गाठोडं तसंच हातात धरून मी माळावर गेलो. आमचीच मेंढरं चरत होती आणि माझा बाप चाकर म्हणून त्यांच्या मागे उभा होता. वाळून नुसता सापळा झाला होता. मला रडू यायला हवं होतं, आला तो संतापच.

"बा, मी गरीब न्हाई! मला पगार हाय, खाट हाय, दिवा हाय! कामून असं केलं तुमी?"

त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "मंग तिकडं मेंढरं किती हायती तुह्यापाशी?"

"एक बी न्हाई."

"आन् कामावरून घरी आल्यावर बोलायला कोन?"

तिकडे आम्ही बारा जण एका खोलीत निजायचो आणि भाषा सगळ्यांच्या वेगळ्या.

बापाने मान हलवली. अंगावरची घोंगडी काढून माझ्या कोटावर टाकली आणि नीट गुंडाळली. तेव्हा मात्र मला रडू आवरेना.

"रडू नको," तो जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला. "मच्छिंद्राला मी इचारून ठेवलंय. तुलाबी ठेवून घेतो म्हणला."