घेण्यास नकार

नव्या रस्त्याची मोजणी करणारी माणसे घराच्या दर्शनी भिंतीवर लाल रंगाने आकडा लिहून गेली, त्याला आठ दिवस झाले होते. बाईसाहेबांनी त्या आकड्याकडे एकदाच पाहिले आणि कामवालीला बजावले की झाडांना पाणी घालताना भिंत भिजू द्यायची नाही. रंग ओघळला तर आणखी ओंगळ दिसेल. त्या रडल्या नाहीत. वेळेवर जेवत होत्या, वेळेवर निजत होत्या. सुपारी बराच वेळ गालात धरावी आणि जीभ जड व्हावी, तसे त्यांचे सगळे अंग झाले होते.

जमीन त्यांच्या वडिलांकडून आलेली. तिच्यावर घर उभे केले ते त्यांनी आणि यजमानांनी मिळून. बाईसाहेब एकेका भिंतीला तीन-तीनदा ओळंबा लावायला लावत, तेव्हा गवंडी म्हणायचा, यांच्यापेक्षा ओळंबा बरा, तो निदान बोलत नाही. यजमान शाळेत गणित शिकवत. वर्गात त्यांचा शब्द खाली पडत नसे. घरात तो पडला तर वाकून उचलायची सवय त्यांनी स्वतःच लावून घेतली होती.

रस्त्याची रेषा आधी शेजारच्या लाकडाच्या वखारीवरून जायची होती. वखारवाल्याला नोटीस मिळाली, त्याने मुदतीत हरकत घेतली आणि रेषा सरकली. ती सरकली ती थेट यांच्या माजघरातून. त्यावर हरकत घ्यायला यांनाही साठ दिवस होते. ते कधी सुरू झाले नि कधी संपले, हे यजमानांना कळलेच नाही. आता एकच आशा उरली होती. नोटीस पोहोचलीच नाही असे ठरले, तर मुदत नव्याने मिळणार होती. यजमानांनी आपल्या वळणदार अक्षरात अर्ज लिहिला, आम्हांस कोणतीही नोटीस मिळालेली नाही हे शपथेवर सांगतो असे खाली घातले, आणि तो बाईसाहेबांना वाचून दाखवला.

"शेवटची ओळ उतरती झालीय," एवढेच त्या म्हणाल्या.

नोटीस आली होती. एकदा नव्हे, दोनदा. दोन्ही वेळा यजमान दुपारचे आडवे झाले होते. पाकिटावर यजमानांचे पूर्ण नाव होते आणि त्याखाली 'व इतर एक'. बाईसाहेबांनी ते हातातही घेतले नाही. ह्या घरात इतर नावाचे कोणी राहत नाही, ज्याने लिहिले त्याला नाव लिहून पाठवायला सांग, असे म्हणून त्यांनी पोस्टमनला वाटेला लावले. तोही मुकाट गेला, कारण हे नेहमीचेच होते. वर्गणीची पावती असो की लग्नाचे आमंत्रण, नाव अर्धेमुर्धे असले की कागद दारातून परत जाई आणि दोन दिवसांत दुरुस्त होऊन येई. पन्नास वर्षे हा नेम कधी चुकला नव्हता. ह्या वेळी कागद दुरुस्त होऊन आला नाही. रंगाचा डबा आला. पाकिटात काय असावे, हे त्यांना भिंतीसमोर उभे राहिल्यावर उमगले. त्या दिवसापासून यजमानांना सांगायचे म्हणून त्या रोज सकाळी उठत, आणि चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवून आत जात.

सुनावणीच्या खोलीत एक लांब बाक होता आणि छतापर्यंत दोरीने बांधलेली दप्तरे. अधिकारी त्यांच्या लेकीच्या वयाची होती. ती म्हणाली, "आजी, बसा." एरवी त्यांनी तिला तिथल्या तिथे सुनावले असते, की मी कुणाची आजी ते मला ठाऊक आहे. आज त्या बसल्या.

अर्ज वाचून होईपर्यंत कारकुनाने दप्तर सोडले आणि दोन पाकिटे टेबलावर ठेवली. दोन्हींवर पोस्टमनचा निळ्या पेन्सिलीचा शेरा होता : घेण्यास नकार.

यजमानांनी चष्मा वर सरकवून एक पाकीट उचलले. शेरा वाचला, मग पत्ता वाचला. त्यांचे बोट दुसऱ्या ओळीवर येऊन थांबले. संसार त्यांनीही पन्नास वर्षे केला होता. पुढचे गणित त्यांना मांडावे लागले नाही. त्यांनी बाईसाहेबांकडे पाहिलेसुद्धा नाही.

"मीच परत पाठवली असणार," ते म्हणाले. "वय झालं. विसरलो."

अधिकारी बाई म्हणाली की घरातल्या एकाने नाकारली म्हणजे ती सगळ्यांना पोहोचली असेच धरतात, अर्ज काही टिकणार नाही. पण आजोबा, तुम्ही तर शपथेवर उलट लिहिलं आहे. ते तुम्हाला जड जाईल.

यजमानांनी मान डोलवली. घर तर गेलेच होते. आता वर्गात कधी खाली न पडलेला त्यांचा शब्दही त्याच दप्तरात बांधला जाणार होता. बाईसाहेबांना वाटले की आपल्याला काही तरी व्हायला हवे. तसे काहीच झाले नाही. त्या फक्त उभ्या राहिल्या.

"त्यांना ठाऊक नव्हतं," त्या म्हणाल्या. "परत मी पाठवली. दोन्ही वेळा."

"कारण?"

"माझं नाव नव्हतं त्यावर."

कारकून हसणार होता. अधिकारी बाईने पाहिले, तसा हसायचा राहिला. तिने कोरा कागद पुढे ओढला आणि विचारले, "पूर्ण नाव सांगता?"

बाईसाहेबांनी सांगितले. आपले, यजमानांचे, मग आडनाव. तिने एकेक अक्षर सुवाच्य लिहिले आणि त्याखाली लिहिले की नोटीस यांनी स्वतः नाकारली, सबब अर्ज फेटाळला. बाईसाहेबांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. खोट काढण्याजोगे त्यात काही नव्हते. त्यांनी सही केली.

जिन्यात यजमान दोन पायऱ्या खाली जाऊन त्यांच्यासाठी थांबले.

"नाव नीट लिहिलं ना तिनं?" त्यांनी विचारले.

"लिहिलं," बाईसाहेब म्हणाल्या, आणि कठडा धरून पुढची पायरी उतरल्या.