अर्धं सोललेलं लिंबू

अमेरिकेतल्या पिस्कॅटवेच्या आमच्या मराठी मंडळात मी सात वर्षं खुर्च्या उचलतोय. मांडणारी समिती वेगळी आहे. त्यांचे फोटो स्मरणिकेत येतात. यंदा दिवाळीला 'चित्र हुबेहूब मांडा' अशी स्पर्धा निघाली; जुनं गाजलेलं चित्र खऱ्या वस्तूंनी टेबलावर उभं करायचं. पहिला येईल त्याला सांस्कृतिक समितीत जागा. सांस्कृतिक समिती खुर्च्यांवर बसते. मी नाव दिलं.

चारशे वर्षांपूर्वी डच लोक जेवणाच्या टेबलांची चित्रं काढायचे. चित्रात माणूस नसतो, तो नुकताच उठून गेलेला असतो. सकाळी आठपासून मी मांडत होतो. अर्धं सोललेलं लिंबू, साल टेबलाच्या कडेवरून लोंबती. उकरलेला ॲपल पाय. आडवा पडलेला चांदीचा पेला, माझ्या बहिणीच्या, आसावरीताईच्या रुखवतातला. चित्रात ऑयस्टरचे उघडे शिंपले होते; हॉलमध्ये ते चालत नाहीत, म्हणून करंज्या उघडून ठेवल्या. एकट्या लिंबाला चाळीस मिनिटं लागली.

परीक्षक दोनला येणार होते. पावणेदोनला मी हात धुवायला गेलो.

परत आलो तर टेबल लख्ख. ओल्या फडक्याचा अर्धगोल वाळत होता. मधोमध 'स्पर्धक ४' ही पाटी, तीही पुसलेली. शेजारी मंडळातल्या सुलेखाकाकू, पदर खोचून.

"कोण रे उठलं इथून? खरकटं तसंच टाकून!"

"काकू, लिंबू कुठंय?"

"सरबतात."

"करंज्या?"

"कुणीतरी उघडून ठेवल्या होत्या मेल्यानं. टाकल्या."

"पेला?"

"घासून पालथा घातलाय."

तेवढ्यात परीक्षक नरेंद्रकाका आले. "यतीन, चित्र कुठंय?"

"हेच. पाहुणे गेल्यानंतरचं."

काकांनी टेबलाभोवती तीन फेऱ्या मारल्या. वाकून वास घेतला. "माणूस नाही, पण आत्ताच होता," ते म्हणाले. "पुसलंय कुणी?"

"सुलेखाकाकूंनी." मी घाबरलो की खरं बोलतो.

पहिलं बक्षीस सुलेखाकाकूंना मिळालं. माइकवर त्या म्हणाल्या, "मी काय, नुसतं पुसलं." टाळ्या थांबेनात.

सांस्कृतिक समितीत त्यांचा पहिला निर्णय पाच वाजून दहा मिनिटांनी झाला.

"यतीन, बाळा, खुर्च्या तुझ्यासारख्या कुणालाच जमत नाहीत रे."

दोनशे अकरा खुर्च्या मी उचलल्या. उरलेली शेवटची मुद्दाम आडवी पाडली, रुमाल चुरगळून वर टाकला, साल लोंबते तसा लोंबता सोडला.

दारापर्यंत पोचलो आणि मागे वळून पाहिलं. सुलेखाकाकू पदर खोचून उभ्या. खुर्ची घडी होऊन भिंतीला लागली होती. रुमालाचीही घडी झाली होती.