गप्प बसलेलं प्लगिन

"पुन्हा नवं व्हर्जन आलं वाटतं," सासूबाई म्हणाल्या. सुनेचा चेहरा दगडासारखा झाला की त्या बरोबर ओळखायच्या. "मागच्याचं काय बिघडलं होतं म्हणे?"

सुनेच्या मांडीवर लेक, लेकीच्या अंगात ताप, समोर लॅपटॉप. प्रोग्रामर ज्या एडिटरमध्ये कोड लिहितात, त्याला जोडायचं एक छोटं प्लगिन तिनं कॉलेजात असताना केलं होतं. कोडमध्ये चूक झाली की ते तिथल्या तिथे बाईच्या आवाजात बोलून सांगायचं. एडिटरवाले अधूनमधून नवं व्हर्जन काढत आणि आतली कुलपं बदलत. मग हिनं आपल्या किल्ल्या नव्यानं घासायच्या. तोवर प्लगिन बंद, कारण तपासून पाहिलेल्या व्हर्जनपर्यंतच चालायचं अशी मर्यादा तिनंच त्यात घालून ठेवली होती.

वापरणारे मोजकेच. बहुतेकांना ती गंमत होती, एकाला नव्हती. त्याला दिसत नसे. तो स्वतःला कानसेन म्हणवून घ्यायचा. शेजारी कुणाला न बसवता काम करून दाखवलंत तर नोकरीत कायम करू, असं साहेबांनी त्याला सांगितलं होतं. ते एकट्यानं करणं या प्लगिनवर उभं होतं.

दुपारी त्याचा फोन आला. "ताई, ऑफिसातली सगळी मशीनं अपडेट झाली. तुमची बया बंद पडलीय. काहीतरी करा, नाहीतर माझ्या शेजारी खुर्ची आलीच म्हणून समजा."

"बघते, सर."

बघायचं म्हणजे नवं व्हर्जन उतरवायचं, मुद्दाम चुका लिहायच्या आणि प्रत्येक चुकीला प्लगिन बोलतंय का ते ऐकायचं. एरवी ती तेच करायची. पण लेक खाली ठेवली की रडत होती, आणि हिच्या डोक्यात कापूस कोंबल्यासारखं झालं होतं. तिनं मर्यादेचा आकडा पुसला आणि जागा कोरी सोडली. आता कुठल्याही व्हर्जनवर चालू होईल. झालंही. लाल अक्षरात कुठे काही आलं नाही. तिनं ते तसंच पाठवून दिलं.

"सुरू झाली!" कानसेन म्हणाला. "जिवात जीव आला."

पुढे लेकीचा ताप उतरला. ती इतकी शांत झोपायला लागली, की ही उठून उठून तिच्या नाकाशी बोट धरायची.

"अगं, झोपू दे की पोरीला," सासूबाई वैतागल्या. "गप्प आहे म्हणजे बरी आहे."

"गप्प आहे म्हणूनच बघते," ती म्हणाली, आणि बोट तिथंच राहिलं.

ती लॅपटॉपशी गेली. मुद्दाम एक चूक लिहिली. शांतता. आणखी एक, ढळढळीत. शांतता. नव्या व्हर्जननं चुका ठेवायची जागाच हलवली होती. प्लगिन जुन्या, रिकाम्या जागी डोकावून येत होतं आणि सगळं ठीक समजून गप्प बसत होतं.

तिनं फोन लावला. "सर, तिच्यावर विसंबू नका. ती चालू आहे, पण—"

"कळलंय मला," तो म्हणाला. "मला वाटलं, काय हात बसलाय माझा! एक चूक म्हणून नाही. काम पाठवलं, ते आज चुकांसकट परत आलं." मागे खुर्ची करकरली. "हे शेजारी बसलेत. च्युइंगम चघळतात. सध्या मला तेवढंच ऐकू येतं."

तो हसला. हिला रडू यायला हवं होतं. काहीच आलं नाही.

"चूक माझी आहे. मी सांगते तुमच्या साहेबांना."

"सांगा. पण ते विचारतील, पुढच्या व्हर्जनला काय?"

फोन ठेवल्यावर तिनं नवी जागा शोधली, मर्यादा परत घातली आणि एक गोष्ट वाढवली. रोज सुरू होताना प्लगिन स्वतःच एक चूक करून बघणार, आणि ती सापडली नाही तर मोठ्यानं म्हणणार: मला कळत नाहीये, माझ्यावर विसंबू नका. मग साहेबांना सगळं लिहून कळवलं. ते नुसतं "बरं" म्हणाले.

"बोलतेय," कानसेननं कळवलं.

"आणि शेजारचे?"

"आहेत अजून."

आतून लेक रडायला लागली. "उठली गं!" सासूबाई ओरडल्या. आता नाकाशी बोट धरायला नको होतं. ती थोडा वेळ ते रडणं नुसतं ऐकत बसली.