कंसातलं नाव

गिरजाने नवऱ्याच्या पॅन्टची खालची दुमड उलगडली आणि चिखलाची एक वाळकी ढेप धोंड्यावर पडली. आत धानाच्या रोपाचं हिरवं पातं अडकलेलं. तिने ते बोटात धरून उलटसुलट पाहिलं. गोपीचंदचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान सिहोऱ्याच्या बाजारगल्लीत, डांबरी सडकेला लागून. तिथे धान कुठलं?

शेजारच्या रंभाबाईने विहिरीपाशी बादली टेकवली.

"काहून वं गिरजे, तुह्ये मालक रोवण्याले जातेत का आता?"

"म्हंजे?"

"काल कौशल्येच्या बांधीवर होते म्हणे. खांद्याले झोला. बाया रोवणा करून राहिल्या, अन् हे धुऱ्यावर बसून." रंभाबाईने ओठ दाबून हसू गिळलं. "गाणं आयकाले गेले असतीन, बापा. गळा मोठा गोड हाय तिचा."

गिरजाने पॅन्ट अशी आपटली की बटण उडून विहिरीच्या कठड्यापर्यंत गेलं.

गेल्या साली रोवण्याच्या, धानाच्या लावणीच्या, रांगेत कौशल्येच्या शेजारी तीच वाकलेली असायची. औंदा मांडीवर लेक. पोरीने अजून मान धरली नव्हती. बांधीवर, धानाच्या त्या खाचरात, काय चाललंय, ते दुसऱ्यांच्या तोंडून कळायचं.

संध्याकाळी तिने ताटात भात वाढला.

"गर्दी होती का दुकानात?"

"त काय! मान वर कराले फुरसत नाई." गोपीचंदने कान खाजवला. तिने काहीही विचारलं की त्याचं बोट कानात जायचं.

जेवण झाल्यावर त्याने टेपरेकॉर्डर लावला. खाणीवरच्या एका साहेबाने दुरुस्तीला टाकलेला. साहेबाची बदली झाली, यंत्र राहिलं आणि आतली कॅसेटही. अमेरिकेतल्या काळ्या लोकांची गाणी होती. गोपीचंदला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, तरी तो डोळे मिटून मान डोलवायचा. एक बाई काळजाच्या तळातून हाक द्यायची आणि मागच्या बाया ती हाक झेलायच्या.

"सोल म्हणतेत याले. सोल म्हंजे आत्मा. मास्तरनं सांगतलं." मग नेहमीसारखा कॅसेटचा कागद तिच्यापुढे धरून तो म्हणाला, "हे पाय, गाण्याच्या खाली कंसात बारीक नाव हाय. गाणारीले दुनिया ओळखते. पण बनवलं त या कंसातल्यानं. याले कोणी विचारत नाई."

गिरजा पोरीला थोपटत राहिली. टेपच्या पेटीतल्या बाईपासून निघालेला माणूस आता बांधीवरच्या बाईपर्यंत पोचला, एवढंच तिला दिसत होतं. रडू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पोरीला पदराखाली घेतलं आणि कोणाला न सांगता बाजारगल्ली गाठली. दुकानाच्या फळीवर कोणी नव्हतं. मागच्या पडद्याआडून हसू आलं. कौशल्येचंच. ओळखायला काय, दोघींनी एका चिखलात दिवस काढलेले.

"काहून भाऊजी, घरी सांगून आले का आमच्याकडे?"

गिरजाने पडदा ओढला. एक कडी तुटून खाली पडली.

आत गोपीचंद एकटाच होता. मांडीपाशी टेपरेकॉर्डर, हातात पेन्सिल. कौशल्या यंत्रात हसत होती.

गिरजाने तरीही टेबलाखाली वाकून पाहिलं.

"तू काहून आली?" त्याने घाईने बटण दाबलं.

"चिखल कुठून आला ते पाहाले."

त्याचा चेहरा उतरला. "हसशीन म्हणून नाई सांगतलं. बायांच्या रोवण्यात माणूस जाऊन बसते का? गावानं टोपी उडवली असती माही. पण आयक तू. थेट त्या अमेरिकेवाल्या बाईवाणी. एक म्हणते, बाकीच्या झेलतेत. कॅसेट करून राहिलो. पण कंसात कोणाचं नाव टाकू? बनवलं कोणी विचारलं, त साऱ्या हसतेत. 'घरी जाऊन इचारा' म्हणतेत. मायनं बनवलं असन, पण माय त गेली, आता घरी कोणाले इचारू?"

त्याने पुन्हा बटण दाबलं. आधी पाण्याचा चुबुकचुबुक आवाज आला, मग कौशल्या:

पेटीतली बाई गाते, धनी मान डोलवते,
चुलीपाशी बाई बोलते, धनी झोपी जाते.

मागच्या बायांनी ओळ झेलली. गिरजाचा हात पोरीच्या पाठीवर थांबला. गेल्या साली, घरून रागारागात निघालेल्या एका सकाळी, गुडघाभर चिखलात तिने हे शब्द जोडले होते. बायांनी दुपारपर्यंत तोंडपाठ केले. हंगामासोबत ते वाहून गेले असतील असं तिला वाटलं होतं.

"झोपत नाई तो," ती बोलून गेली.

"कोण?"

"गाण्यातला. कान खाजवते. औंदा चुकीचं म्हणून राहिल्या त्या."

पेन्सिल धरलेला त्याचा हात कानाकडे निघाला होता. तो वाटेतच थांबला.

टेप फिरत होती, बाया हसत होत्या. गोपीचंदने बायकोकडे पाहिलं. काल तिने ते हिरवं पातं पाहिलं होतं, तसं. मग कागद गुडघ्यावर ओढून त्याने गाण्याखाली एक कंस काढला. लग्नापासून 'अवं' सोडून दुसऱ्या कशाने त्याने तिला हाक मारली नव्हती.

"अवं," तो हळूच म्हणाला, जणू तिचं नाव त्याला ठाऊकच नव्हतं, "नाव सांग."